समाधानी असाल तर एक दाबा

प्रशिक्षण हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. गॅस गीझरच्या कंपनीत मी बावीस वर्षं काढली आहेत. पहिली अकरा हातात पाना घेऊन लोकांच्या बाथरूममध्ये, पुढची अकरा तक्रार विभागाचा साहेब म्हणून खुर्चीत. एवढं झाल्यावर कोणीतरी बाहेरची बाई येणार आणि सीआरएमचा जास्तीत जास्त उपयोग कसा करून घ्यावा याच्या टिपा मला देणार. मालकांनी ठरवलं होतं, म्हणून मी मान हलवली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्राहकाचा फोन आला की त्याचं मशीन कुठलं, कधी बसवलं, आधी काय बिघडलं होतं, कोण बघून आलं, ही सगळी कुंडली पडद्यावर उघडते. ते हे सॉफ्टवेअर. फोन घेणाऱ्या मुलीने शेवटी एका चौकोनात शेरा लिहायचा. त्या चौकोनाची खोड अशी, की किमान चाळीस अक्षरं भरल्याशिवाय तो बंदच होत नाही. बऱ्याच जणी 'ठीक आहे ठीक आहे ठीक आहे' असं चौकोनाचं पोट भरेपर्यंत लिहीत. आमच्याकडे एक आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती सुरू झाली की बंद करायचं बटण सापडत नाही. तिला चाळीस अक्षरं कमी पडत. ग्राहक शिंकला तरी ती नोंदवायची. हे शेरे मी कधी वाचत नसे. वेळ कोणाला आहे?

मला आकडे कळतात. आकड्यांतून काढलेली माझी एक युक्ती मालकांना इतकी आवडली होती, की तिचं प्रशस्तिपत्र फ्रेम होऊन माझ्या खुर्चीमागे लागलं होतं. काही ग्राहक उगाचच फोन करतात. मेकॅनिक जातो, मशीन ठणठणीत असतं, हात हलवत परत येतो. याला आम्ही फुकट फेरी म्हणतो. तीन फुकट फेऱ्या झाल्या की सॉफ्टवेअर त्या ग्राहकावर आपोआप लाल खूण करतं. पुढे त्याचा फोन आला तर तक्रार नोंदवली जाते, पण मेकॅनिककडे जातच नाही. चोवीस तासांनी ती आपली आपण बंद होते आणि ग्राहकाला मेसेज जातो. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. समाधानी असाल तर १ दाबा, नसाल तर २.' सव्वा वर्षात फुकट फेऱ्या निम्म्यावर आल्या. लाल यादीत एकशे बारा जण होते. त्यांची नावं मी कधी बघितली नाहीत. एकशे बारा हा आकडा तेवढा पाठ होता.

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी दहा वाजता बैठकीच्या खोलीत पंधरा खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. फोन घेणाऱ्या मुली पुढे, मेकॅनिक मागे. मेकॅनिकांत सगळ्यात जुना शिडी. उंची अशी, की गीझर काढायला याला स्टूल लागत नाही, म्हणून शिडी. मी दाराजवळ हाताची घडी घालून बसलो. प्रशिक्षक बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज बेताचा. मला वाटलं होतं कोणीतरी फाडफाड बोलणारी येईल, मग तिची जिरवता आली असती.

"जे लिहून ठेवलंय ते वाचत चला, एवढंच मी सांगायला आलेय," त्या म्हणाल्या. "बाकीच्या टिपा त्यातूनच निघतात. नोंद उघडली की आपण सगळ्यात वरचा शेरा बघतो, कारण तो ताजा असतो. तसं करू नका. खालून वर वाचा. माणूस पहिल्यांदा का आला होता, ते तळाशी असतं."

मुली वहीत लिहून घेऊ लागल्या. बाई पुढे म्हणाल्या, की शेरा आपल्या भाषेत न लिहिता ग्राहक जे बोलला तेच लिहावं. 'मशीन नादुरुस्त' याला काही अर्थ नाही, 'पाणी मध्येच गार होतं' याला आहे. मग म्हणाल्या, "आणि ज्या गोष्टी सॉफ्टवेअर आपोआप करतं, त्या महिन्यातून एकदा माणसाने उघडून बघाव्यात. सॉफ्टवेअर मोजतं. वाचत नाही."

हा टोमणा मला होता की नव्हता, देव जाणे. मला मात्र लागला.

"बाई," मी म्हणालो, "आमच्याकडे एकशे बारा लोक आहेत ज्यांना दुसरा उद्योग नाही. त्यांचे शेरे वाचत बसलो तर ज्यांचं मशीन खरंच बंद आहे त्यांच्याकडे जायचं कोणी?"

"तुम्ही वाचलेत का त्यांच्यातल्या कोणाचे?"

"वाचायची गरज नाही. आकडे बोलतात."

"मग एकच वाचू. दहा मिनिटं."

"उघडा," मी म्हणालो. मला चेव आला होता. "सगळ्यात जास्त फोन ज्याचे आहेत तोच उघडा. कळू दे सगळ्यांना आम्ही काय सोसतो ते."

बाईंनी यादी लावली. सगळ्यात वरच्या ग्राहकाचे सेहेचाळीस फोन होते. मागून कोणीतरी हसलं. बाईंनी उघडण्याआधी नाव, पत्ता आणि फोन नंबर झाकून टाकले. "ग्राहकाची माहिती अशी भिंतीवर लावायची नसते," त्या म्हणाल्या, "हीपण टीपच समजा." भिंतीवर फक्त मशीनचा नंबर आणि शेरे राहिले. बहुतेक शेरे रेडिओचेच होते, म्हणून बाईंनी तिलाच मोठ्याने वाचायला सांगितलं. रेडिओ उठून उभी राहिली. तिला आनंद झाला होता.

तळाचा शेरा तीन वर्षांपूर्वीचा होता. "ग्राहक म्हणतात मशीनमधून घरघर आवाज येतो. मेकॅनिक पाठवला. आवाज नाही, मशीन उत्तम."

त्याच्या वरचा. "ग्राहक म्हणतात पाणी उशिरा तापतं. मग विचारलं, तुमचे साहेब जुनेच आहेत का. हो म्हटलं. बरे आहेत ना, म्हणाल्या. बरे आहेत म्हटलं."

सगळे हसले. मीही हसलो. "माझी चौकशी करणारं कोणीतरी आहे म्हणायचं," मी म्हणालो, आणि लोक आणखी हसले, कारण साहेब हसतो तेव्हा हसून घ्यावं लागतं.

"आता यावरचा मेकॅनिकचा आहे," रेडिओ म्हणाली. "मशीन तपासले, दोष नाही. मशीनच्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीने कोणीतरी लिहून ठेवलंय, ताई, या लाल चावीला हात लावू नकोस, काही झालं तर आधी मला फोन कर. वाचून हसू आलं."

मागून शिडी म्हणाला, "तो माझा शेरा आहे. चाळीस अक्षरं भरायची होती."

लोक पुन्हा हसले. मी नाही. ते शब्द माझे होते.

नऊ वर्षांपूर्वी मी ते लिहिलं होतं, कानावरची पेन्सिल काढून, गीझर बसवून झाल्यावर. तेव्हा मी साहेब झालो होतो, हाताने गीझर बसवायचं मला कारण नव्हतं, पण ताईच्या घरी दुसऱ्या कोणी बसवलेला मला चालला नसता. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई पंधराची. मला पाना धरायच्या लायकीचं तिने केलं. लग्न होऊन ती याच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, भावोजी वारल्यावर एकटीच राहू लागली.

आणि तीन वर्षांपूर्वी मी तिच्याशी बोलणं टाकलं. माझ्या मुलाने चांगली नोकरी सोडली आणि जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला. मला जायच्या दिवशी सांगितलं. ताईला तीन महिने आधीपासून माहीत होतं, तिनेच त्याला बॅग घेऊन दिली होती. माझी बायको त्याआधी दोन वर्षं गेलेली, घरात मी एकटा राहणार होतो, आणि ही गप्प बसली. मी तिच्या दारात उभा राहून म्हणालो, "यापुढे मला फोन करायचा नाही. घरी नाही, मोबाइलवर नाही. तुझा माझा संबंध संपला." मुलाशी माझं सहा महिन्यांत जमलं. आता तो दर रविवारी फोन करतो, भांडी किती घासावी लागतात ते सांगतो, आम्ही हसतो. मुलाला माफ करणं सोपं गेलं. ताईचं तसंच राहिलं. का राहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. रागाला रोज कारण लागत नाही, सवयीने चालतो.

थांबा म्हणावंसं वाटत होतं, पण उघडायला मीच लावलं होतं. रेडिओ वाचत होती.

"ग्राहक म्हणतात ज्वाला लहान आहे. मग विचारलं साहेब डबा आणतात का. कँटीनमध्ये जेवतात म्हटलं. वेळेवर जेवतात का, म्हणाल्या. तीन वाजतात म्हटलं.

"ग्राहक म्हणतात मशीन व्यवस्थित आहे, सहज फोन केला. साहेबांचा आवाज मागून ऐकू आला, कोणावर तरी ओरडत होते. ग्राहक म्हणाल्या, ओरडतोय म्हणजे बरा आहे.

"ग्राहकाला सांगितलं साहेब आज रजेवर आहेत, ताप आहे. ग्राहकाने दिवसभरात तीनदा फोन केला. चौथ्या दिवशी आले म्हटल्यावर थँक यू म्हणाल्या. समाधानी, १ दाबला."

त्या तापात माझ्या दारात कोणीतरी सकाळी मऊ भाताचा डबा ठेवून जात होतं. मला वाटलं होतं, शेजारीण.

खोलीत आता कोणी हसत नव्हतं. रेडिओचा आवाजही खाली आला होता. तिला कारण माहीत नव्हतं, पण आपण जे तुकड्या-तुकड्याने लिहिलं ते सलग वाचताना तिलाही काहीतरी कळत चाललं होतं.

"साहेबांना सांगू का तुमचा फोन आला होता, असं विचारलं. नको म्हणाल्या, चिडेल. त्याने फोन करू नको सांगितलंय, त्याला करत नाही ना मी, कंपनीला करते."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्याच विभागात, माझ्यापासून दहा पावलांवर, तीन वर्षं माझी बहीण माझी खुशाली विचारत होती, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसे? मला काही सांगायला यायचं म्हणजे लोक आधी दाराबाहेर उभे राहून माझा अंदाज घेत.

"पुढे वाच," मी म्हणालो.

"साहेब, राहू दे का?" रेडिओ म्हणाली.

"वाच."

वरच्या दोन-तीनच नोंदी उरल्या होत्या. एकोणीस दिवसांपूर्वीची अशी होती. "ग्राहक म्हणतात आंघोळीला गेलं की डोकं जड होतं, चक्कर येते. माणूस पाठवा म्हणाल्या. लाल खूण असल्यामुळे मेकॅनिक दिला गेला नाही. तक्रार आपोआप बंद. समाधानी, १ दाबला."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शिडी उभा राहिला होता. एकूण एक मेकॅनिक उभा राहिला होता. बाथरूममध्ये चक्कर येते म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. धूर बाहेर नेणारा पाइप तुंबला की मशीन खोलीतच विष सोडतं. त्याला वास नसतो. माणूस खाली बसतो आणि उठत नाही. अशा दोन घरांत मी स्वतः दार तोडून गेलो आहे.

"सगळ्यात वरचा," मी म्हणालो.

"अकरा दिवसांपूर्वीचा आहे," रेडिओ म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तिला वाचवेना. शेवटी बाईंनी वाचला, त्यांच्या बेताच्या आवाजात.

"ग्राहक म्हणतात ज्वाला पिवळी दिसते, माणूस का येत नाही. ग्राहकाला लाल यादीबद्दल खरं सांगितलं. यादी कोण करतं, विचारलं. साहेबांनी स्वतः केली म्हटलं. ग्राहक म्हणाल्या, त्याने केली असेल तर राहू दे. फोन ठेवला. तक्रार आपोआप बंद. समाधानी, १ दाबला."

त्यानंतर काही नव्हतं. तीन वर्षं दर महिन्याला, आणि अलीकडे आठवड्याला फोन करणारी बाई अकरा दिवस गप्प होती.

मी मोबाइल काढला. तेव्हा आठवलं, की ताईचा नंबर मी रागाच्या भरात पुसून टाकला होता. "नंबर दाखवा," मी बाईंना म्हणालो. माझ्याच बहिणीचा नंबर मला भिंतीवरून टिपून घ्यावा लागला, आणि घाईत तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. रिंग वाजत राहिली, वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तेच.

शिडीने गाडी काढली. रस्ताभर मी फोन लावत होतो. एका सिग्नलला शिडी म्हणाला, "साहेब, मी तेव्हा विचारायला हवं होतं त्यांना, ते कोणी लिहिलं म्हणून." मी म्हणालो, "तुझं काही चुकलं नाही." असं मी आमच्या मेकॅनिकांपैकी कोणाला म्हटलेलं मला आठवत नाही. माझं डोकं एकच हिशेब करत होतं. अकरा दिवस म्हणजे किती आंघोळी.

दुसरा मजला. माझ्या गुडघ्याला जिने चालत नाहीत, त्या दिवशी गुडघा होता की नाही ते कळलं नाही. बेल दाबली. काही नाही. पुन्हा दाबली, दाबूनच धरली. आतून पाण्याचा आवाज येत होता, नळ धो धो वाहत असल्यासारखा, एकसारखा. अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने मी दारावर मुठी मारू लागलो. "ताई," मी ओरडत होतो, "ताई, दार उघड." शिडीने मला बाजूला केलं आणि खांदा लावायला दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात पाण्याचा आवाज थांबला.

"आले, आले," आतून आवाज आला. "धीर नाही का जरा."

दार उघडलं. ताई उभी होती, डोक्याला टॉवेल, अंगावर घाईघाईत ओढलेला गाऊन, चेहरा पांढराफटक. तीन वर्षांत ती निम्मी झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या शिडीकडे, त्याच्या हातातल्या हत्यारांच्या पिशवीकडे.

"तू कशाला आलास?" ती म्हणाली. "माणूस पाठवायचा. गुडघा दुखतो ना तुझा."

मी तिच्या अंगावरूनच आत गेलो आणि पहिल्यांदा गॅस बंद केला. मग पाहिलं. झरोका थंडीसाठी जुन्या कापडाने गच्च बुजवलेला. गीझरच्या वर भिंत काळी झालेली. काजळी खाली उतरत उतरत माझ्या पेन्सिलीपर्यंत आली होती. 'काही झालं तर आधी' एवढं दिसत होतं, पुढचं काजळीखाली गेलं होतं. शिडीने हात वर करून पाइप सोडवला, तर त्यातून काड्या, पिसं आणि गवत बदाबदा खाली पडलं. पक्ष्याने पूर्ण घर केलं होतं आत. शिडीने ते हातात घेऊन मला दाखवलं आणि कापड ओढून झरोका उघडला.

बाथरूमच्या दारात एक स्टूल होतं. स्टुलावर ताईचा मोबाइल.

"हे काय?" मी विचारलं.

"चक्कर येते म्हणून दार उघडं ठेवून आंघोळ करते," ती म्हणाली. "आणि तीपण दोन दिवसांआड. पडलेच तर हाताशी फोन असावा. आवाज बंद असतो त्याचा, पण कंपनीचा नंबर लावून ठेवलाय, एक बटण दाबलं की लागतो."

"कंपनीचा? यादीत टाकल्यावरही कंपनीचाच?"

"मग कोणाचा लावू?"

"माझा लावायचास."

"तू नको म्हणाला होतास," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणं नव्हतं. सोमवारनंतर मंगळवार येतो, तसं सांगितलं तिने.

मी तिथेच, ओल्या फरशीवर, उंबऱ्याला टेकून बसलो. बावीस वर्षांत मी कुणाच्या बाथरूममध्ये रडलो नव्हतो. शिडी पाठ करून पाइप पुसत राहिला. ताईने डोक्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला.

"मी फार वेळा फोन करत होते, ते चुकलंच माझं," ती म्हणाली. "त्या मुलीने सांगितलं मला, तू यादी केलीस म्हणून. मी म्हटलं, त्याला कळलं असेल मीच आहे ते. मग नाही केला."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "शपथ घेऊन सांगतो. मी नावं बघितलीच नाहीत."

तिला हे पटायला वेळ लागत होता. ती नको म्हणून मी तिला यादीत टाकलंय, हे तिने अकरा दिवस धरून ठेवलं होतं, आणि त्यातही तिने माझ्यावर राग धरला नव्हता. आता मी सांगत होतो, की मी तिला टाकलंही नव्हतं, मी बघितलंच नव्हतं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते ठरवणं माझ्याच्याने होईना.

पाइप बसवून झाल्यावर शिडीने सवयीने खिशातून कामाचा मोबाइल काढला, तक्रार नव्याने नोंदवली आणि बंद केली. ताईचा फोन स्टुलावर उजळला. ती चष्मा शोधू लागली. मी मेसेज तिच्याआधी वाचला. आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. समाधानी असाल तर १ दाबा, नसाल तर २.

"ताई, दोन दाब," मी म्हणालो.

"का?"

"दाब म्हणतोय ना. एवढं एक माझं ऐक. दोन दाब."

"वेडा आहेस का तू," ती म्हणाली. "तुझ्या खात्याचे मार्क जातील."

आणि मी फोन काढून घ्यायच्या आत तिने एक दाबला.